प्रयोगानंतरचे आयुष्य

पावसाळा सुरू झाला की जुन्नर-आंबेगावच्या शिवारात साप चावण्याचे प्रकार वाढतात. पश्चिमेला भाताची लावणी, पूर्वेला टोमॅटो आणि कांदा, जिकडेतिकडे ऊस, आणि रात्रीच्या विजेवर द्यावे लागणारे पाणी. अंधारात दारे धरायला गेलेल्या माणसाचा पाय घोणशीवर पडतो, आणि आळे, राजुरी, बेल्हे, ओतूर अशा कुठल्याही गावातून गाडी नारायणगावकडे धावते. तिथे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत अनेक वर्षे सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करत आहेत. या भागात साप चावून एकही माणूस दगावू नये हा त्यांनी घेतलेला ध्यास सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. याच नारायणगावात प्रतिसर्पविष तयार करणारी प्रीमियम सीरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनीही आहे. म्हणजे साप चावलेला माणूस, त्याला वाचवणारा डॉक्टर आणि शिरेतून जाणारे औषध ही तिन्ही एकाच तालुक्यात भेटतात. त्या औषधामागचा घोडा मात्र आपल्याला कधी दिसत नाही.

हे औषध घोड्याच्या रक्तातून येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष गोळा होते. त्यातला मोठा वाटा चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येतो. ते विष घोड्याला सोसेल इतक्या अल्प मात्रेत टोचतात आणि मात्रा हळूहळू वाढवत नेतात. त्याच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली की मानेच्या शिरेतून रक्त घेतात, रक्तद्रव वेगळा काढतात आणि तांबड्या पेशी पुन्हा घोड्यालाच देतात. पुढे रक्तद्रवावर पेप्सिनची प्रक्रिया, शुद्धीकरण, आणि शेवटी सुकी भुकटी भरलेली कुपी. त्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये नागाचे ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करण्याची ताकद असावी लागते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. घोडे नसते तर हा आकडा कुठे गेला असता, याचा विचार ज्याने त्याने करावा.

नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. विष सोसण्याचे आणि रक्त देण्याचे काम त्यातल्या काही वर्षांचे असते. मग पुढे काय? हाच प्रश्न औषध कंपन्यांतल्या बीगल कुत्र्यांबद्दल, संशोधन संस्थांतल्या माकडांबद्दल, सशांबद्दल, गिनीपिगांबद्दल, अगदी पांढऱ्या उंदरांबद्दलही विचारता येतो. हे पुस्तक त्या ‘पुढे काय’चे आहे. प्रयोग करावेत की करू नयेत हा वाद मोठा आहे आणि तो व्हायलाच हवा. पण तो वाद चालू असताना ज्या प्राण्याचे काम संपले आहे तो पिंजऱ्यात उभाच असतो, आणि त्याला आज संध्याकाळी काय खायला घालायचे, कोणाच्या शेजारी ठेवायचे, हे कोणाला तरी ठरवावेच लागते.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवी. प्रयोगशाळेत गेलेल्या बहुतेक प्राण्यांना असे ‘पुढे’ मिळतच नाही. जगभर सर्वाधिक वापरले जातात ते उंदीर आणि घुशीच्या कुळातले पांढरे रॅट, आणि त्यांच्या बहुतेक प्रयोगांचा शेवट अवयवांच्या तपासणीत होतो. कोव्हॅक्सिनच्या वेळी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वीस ऱ्हिसस माकडांवर लसीची चाचणी झाली. टाळेबंदीत माणसांकडून मिळणारे खाणे बंद झाल्यामुळे माकडे रानात आत निघून गेली होती, आणि वन विभागाने त्यांचा माग काढत अखेर ती नागपूरच्या बाजूला गाठली. लस दिल्यावर मुद्दाम विषाणूची बाधा करून पाहण्याच्या अशा प्रयोगांतून माकडे सहसा परत येत नाहीत. ज्यांना परतण्याची संधी आहे, किंवा असू शकली असती, त्यांच्यापुरतेच हे पुस्तक बोलते. उरलेल्यांना विसरून नव्हे.

या विषयाचा इतिहास आपल्या दाराशी आहे. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी एका प्राण्याच्या रक्तातले संरक्षण दुसऱ्याला देता येते हे दाखवले. पाच वर्षांत काल्मेट यांनी तेच तत्त्व सापाच्या विषाला लावले. मुंबईत प्लेगने थैमान घातले असताना वाल्देमार हाफकिन यांनी सशांवर तपासलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात आली आणि पुढे हाफकिन संस्था म्हणून ओळखली गेली. प्रतिसर्पविषासाठी हाफकिनची घोड्यांची पागा पिंपरीत उभी राहिली. पुण्यातल्या पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे रक्तद्रवासाठी हाफकिनला दिले जात. तेच काम आपण स्वतः का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. आज जगभर लस पुरवणाऱ्या संस्थेच्या मुळाशी ‘म्हाताऱ्या घोड्याचे काय करायचे’ हा प्रश्न होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या वेळी निवृत्ती म्हणजे एका कामातून दुसऱ्या कामात जाणे, एवढाच अर्थ होता.

माकडांची कथा अधिक कडवट आहे. आपल्या रक्तगटाच्या कागदावर पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असे जे लिहिलेले असते, त्या आरएच घटकाला नाव मिळाले ते ऱ्हिसस माकडावरून, १९४० मध्ये. पोलिओच्या लसीसाठी पन्नासच्या दशकात भारतातून वर्षाला लाखाच्या घरात माकडे परदेशी पाठवली जात. उत्तर भारतातल्या गावांतून आणि देवळांतून पकडलेली, विमानांच्या पोटात कोंबलेली ही माकडे पुन्हा झाडावर चढली नाहीत. मोरारजी देसाईंच्या सरकारने ही निर्यात बंद केली, आणि एप्रिल १९७८ पासून बंदी अमलात आली. परदेशी प्रयोगशाळांना धक्का बसला. पण माकडे पैदास करून, कमी संख्येत वापरूनही विज्ञान चालते, हे त्यामुळेच अनेकांच्या लक्षात आले.

दरम्यान विचाराची एक चौकट तयार होत होती. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वे मांडली: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधा, वापरावाच लागला तर कमीत कमी प्राणी वापरा, आणि त्यांच्या वेदना कमी करा. जगभरच्या प्रयोगशाळा आज याच तत्त्वांची शपथ घेतात. भारतात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या मागणीतून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्याने प्रयोगांना मनाई केली नाही, पण त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद केली. ही समिती, लोक जिला सीपीसीएसईए म्हणून ओळखतात, १९६४ मध्ये नेमली गेली, पुढे बराच काळ सुस्त पडली आणि नव्वदच्या दशकात मनेका गांधींच्या काळात खऱ्या अर्थाने कामाला लागली. १९९८ च्या नियमांनी प्रत्येक प्रयोगशाळेला नोंदणी आणि नैतिक समिती बंधनकारक केली. आणि त्या तीन तत्त्वांना इथे चौथे जोडले गेले: पुनर्वसन. प्रयोगानंतरची देखभाल ही प्रयोग करणाऱ्याची जबाबदारी आहे, तिचा खर्च संशोधनाच्या खर्चातच धरला पाहिजे, आणि प्राण्याची जाणीव जितकी तीव्र तितकी ही तरतूद अधिक असली पाहिजे, असे आपल्याकडचे मार्गदर्शक तत्त्व सांगते. ही भारताने केलेली खरी भर आहे. कागदावर ती स्वच्छ आहे; अंमलबजावणी मात्र कोणत्या संस्थेत कोण बसले आहे यावर अवलंबून राहते.

परदेशात हा विषय चिंपांझींच्या निमित्ताने पुढे आला. १९६१ मध्ये अमेरिकेने अंतराळात पाठवलेला हॅम हा चिंपांझी जिवंत परतला, वर्तमानपत्रांत झळकला, आणि मग वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात १९६३ ते १९८० अशी सतरा वर्षे एकटा राहिला. खायला होते, औषध होते, बघायला येणारी गर्दी होती. दुसरा चिंपांझी नव्हता. शेवटची दोन-अडीच वर्षे नॉर्थ कॅरोलायनात त्याला आपल्या जातीच्या सोबत्यांबरोबर राहता आले. आज आश्रयस्थानांची जी पहिली अट मानली जाते ती सोबतीची आहे. १९९७ मध्ये कॅरोल नून यांनी ‘सेव्ह द चिंप्स’ ही संस्था काढली, आणि २००२ मध्ये न्यू मेक्सिकोतली एक बंद पडलेली संशोधन संस्था तिच्यातल्या २६६ चिंपांझींसह ताब्यात घेतली. वर्षानुवर्षे सिमेंटच्या खोल्यांत एकेकटे राहिलेले हे प्राणी फ्लोरिडातल्या बेटांवर हलवायला जवळपास दहा वर्षे लागली, कारण एकमेकांची ओळख करून दिल्याशिवाय त्यांना एकत्र सोडता येत नव्हते. २००० साली अमेरिकेत कायदा होऊन लुईझियानातल्या ‘चिंप हेवन’ला सरकारी आश्रयस्थानाचा दर्जा मिळाला.

आणि तिथेच एक नवा वाद उभा राहिला. काही म्हाताऱ्या, आजारी चिंपांझींना प्रवास झेपणार नाही, त्यांना जिथे आहेत तिथेच राहू द्या, असे संशोधन संस्थेचे डॉक्टर म्हणाले. आश्रयस्थानाचा हक्क कायद्याने दिला आहे, तो डॉक्टरांच्या मतावर सोडता येणार नाही, असे प्राणिमित्र म्हणाले. २०२२ च्या अखेरीस न्यायालयाने प्राणिमित्रांच्या बाजूने कौल दिला. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. पण जिथे सुया टोचल्या गेल्या त्याच आवारात ‘निवृत्त’ केलेला प्राणी खरोखर निवृत्त झाला का, हे तपासणारा माणूस त्या आवाराबाहेरचा असायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आपल्याकडे या कामाला जुना वारसा आहे. मुंबईचे पांजरपोळ १८३४ चे. भाकड गाय, लंगडा बैल, म्हातारा घोडा यांना मरेपर्यंत चारा मिळावा ही कल्पना मराठी-गुजराती समाजात रुजलेली आहे, आणि तिच्याशिवाय या विषयाला इथे पायच फुटले नसते. पण तिची मर्यादाही मान्य करायला हवी. जीव वाचवणे हे पांजरपोळाचे उद्दिष्ट. वाचलेला जीव कसा जगतो हे तिथे दुय्यम ठरते. क्षयाची शंका असलेले माकड, आवाजाने थरथर कापणारा कुत्रा, मानेची शीर सुजलेला घोडा यांना चाऱ्याइतकीच दुसरी काळजी लागते. पुनर्वसनाचे जे विचारप्रवाह आज दिसतात, त्यांतला खरा फरक इथे आहे. काही जण वेदनारहित मरणाला दया मानतात, काही रानात सोडण्याला, काही आश्रयस्थानाला, काही घराला. यांतला एकच मार्ग सगळ्या प्राण्यांना लागू करणारा माणूस बहुधा प्राणी न पाहता बोलत असतो.

रानात सोडणे ही सगळ्यात मोहक कल्पना आहे, म्हणून तिच्याबद्दल जुन्नरचा अनुभव इथे सांगितलाच पाहिजे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वन विभागात शंभराहून अधिक बिबटे पिंजरे लावून पकडले गेले आणि त्यांतले बरेच दूरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले ते असे: त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, या मोहिमेच्या काळात ते सतरावर गेले. अनोळखी मुलखात टाकलेला, पिंजऱ्यात घाबरलेला बिबट्या ‘मुक्त’ झाला नव्हता. हे बिबटे प्रयोगशाळेतले नव्हते, हे उघड आहे. पण ज्या प्राण्याला आपली हद्द, आपली पाण्याची जागा, आपली लपण ठाऊक नाही, त्याला उघड्यावर सोडणे म्हणजे त्याची सुटका, हा समज या तालुक्याने रक्त सांडून खोटा ठरवला आहे. दहा वर्षे पिंजऱ्यात काढलेले माकड डोंगरावर सोडले तर तिथली टोळी त्याला हुसकावून लावते, आणि त्याच्या अंगात काही रोग असेल तर तो टोळीत शिरतो.

माणिकडोह धरणाजवळच्या बिबट निवारा केंद्राने याची दुसरी बाजू दाखवली. वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था २००७ पासून मिळून ते चालवतात. सापळ्यात पाय गेलेले, विहिरीत पडून जायबंदी झालेले, लहानपणीच माणसाच्या हातावर वाढलेले बिबटे तिथे आयुष्यभर राहतात. ऊसतोडीच्या हंगामात फडात पिल्ले सापडली की मात्र तिथले डॉक्टर त्यांना केंद्रात आणण्याची घाई करत नाहीत. तपासणी करून ती पिल्ले त्याच फडाजवळ खोक्यात ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाण्याची वाट पाहतात. कोणाला परत पाठवायचे आणि कोणाला जन्मभर सांभाळायचे, हा निवाडा या तालुक्यात रोजच्या कामाचा भाग झालेला आहे. प्रयोगशाळेतून येणाऱ्या प्राण्यांसाठीही नेमका हाच निवाडा लागतो, म्हणून या पुस्तकाची मुळे इथे आहेत असे मी मानतो.

आळे गावात आणखी एक गोष्ट आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी इथे आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. कथा सगळ्यांना माहीत असते ती वेद बोलण्यापर्यंतची. आळ्याची कथा त्यापुढची आहे. विद्वानांच्या सभेत प्रमाण म्हणून उभा केलेला प्राणी काम झाल्यावर पैठणलाच सोडून दिला गेला नाही. भावंडांबरोबर तो चालत राहिला, आणि मेला तेव्हा त्याला माणसासारखी समाधी मिळाली. ही ऐतिहासिक घटना म्हणून मी सांगत नाही. आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी ज्या जिवाला वापरले त्याच्या शेवटापर्यंत सोबत राहायचे, हे या मातीतल्या माणसांना सातशे वर्षे योग्य वाटत आले आहे, एवढेच त्यातून घ्यायचे.

आता प्रत्यक्ष काम. पागेतून आलेल्या घोड्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे अशा प्राण्यांची गरज सर्वांत जवळची आहे. पहिला धोका पोटाचा असतो. वर्षानुवर्षे ठरावीक वेळी सुका चारा आणि चंदी खाल्लेल्या घोड्याला प्रेमाने एकदम हिरव्या कुरणात सोडले तर पोटशूळ उठतो, आणि घोड्याचा पोटशूळ जिवावर बेततो. चारा आठवड्याआठवड्याने बदलावा लागतो. दुसरी गोष्ट मान. पुन्हा पुन्हा सुई टोचलेल्या शिरा कडक झालेल्या असतात, कधी बुजलेल्या असतात. नव्या पशुवैद्याने ते माहीत नसताना तिथेच सुई घातली तर नुकसान होते, आणि घोडा पुढे कोणालाच मानेला हात लावू देत नाही. विष टोचलेल्या जागी गळवे आणि वण असतात, रक्त कमी झालेले असते. खूर आणि दात यांकडे दुर्लक्ष झालेले असू शकते. पण मला विशेष वाटते ते मोतद्दाराचे काम. हातात दोर आणि बादली घेऊन येणारा माणूस म्हणजे रक्त काढायला नेणारा, अशी घोड्याची पक्की समजूत झालेली असते. ती मोडायला खरारा लागतो, रोज त्याच वेळी, त्याच हाताने, काहीही न मागता. काही घोडे महिन्याभरात मान खाली घालून जवळ येतात. काही कधीच येत नाहीत आणि त्यांना कळपात, माणसापासून अंतरावर राहू देणे हाच त्यांचा आराम असतो.

बीगल कुत्र्यांची गोष्ट वेगळी. ही जात प्रयोगांसाठी निवडली गेली ती तिच्या भाबडेपणामुळे: आकाराने मध्यम, स्वभावाने सोशिक, टोचले तरी सहसा न चावणारी. बेंगळूरूत ‘कूपा’ या संस्थेने अशा कुत्र्यांना घरे मिळवून द्यायला सुरुवात केली आणि ‘फ्रीगल्स ऑफ इंडिया’ हे नाव प्राणिप्रेमींच्या तोंडी बसले. अमेरिकेत २०२२ मध्ये व्हर्जिनियातल्या एका पैदास केंद्रातून जवळपास चार हजार बीगल सोडवले गेले तेव्हा जगाचे लक्ष या प्रश्नाकडे गेले. घरी आलेला असा कुत्रा गवतावर पाय ठेवायला घाबरतो, कारण त्याने आयुष्यभर जाळी किंवा फरशीच पाहिलेली असते. जिना म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. मिक्सर, प्रेशर कुकरची शिट्टी, गणपतीतला ढोल, दिवाळीतले फटाके ही त्याच्यासाठी संकटे असतात. ज्या पिंजऱ्यात झोपायचे तिथेच विष्ठा करायची सवय असल्याने घरात घाण होते आणि नवे मालक चिडतात. म्युनिकच्या पशुवैद्यक संशोधकांनी नव्या घरी गेलेल्या अशा बीगलांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेक कुत्रे रुळतात, पण भीती आणि एकटे राहण्याची धास्ती काहींत टिकून राहते, असा त्याचा निष्कर्ष. इथले अनुभवी लोक एकच सल्ला पुन्हा पुन्हा देतात: घरात आधीच एखादा शांत, धीट कुत्रा असू द्या. नव्याला माणूस शिकवू शकत नाही ते जुना कुत्रा चार दिवसांत शिकवतो. आणि पहिले काही महिने दोन पट्टे, एक गळ्यात आणि एक छातीला. कारण घाबरलेला बीगल सुटला तर तो घरी परत येत नाही, त्याला घर कोणते हेच अजून माहीत नसते.

माकडांना घर देता येत नाही, आणि जो देतो तो त्यांचे नुकसान करतो. लहानपणी आईपासून तोडलेले माकड स्वतःचे हात चावते, केस उपटते, तासन्‌तास डुलत राहते. त्याला टोळी हवी, आणि टोळी जुळवणे हे आठवड्यांचे काम आहे: आधी जाळीआडून नजर, मग शेजारचा पिंजरा, मग थोडा वेळ एकत्र, आणि सतत पाहणारा माणूस. ऱ्हिसस माकडांत असणारा एक नागीणवर्गीय विषाणू माणसाला प्राणघातक ठरू शकतो, म्हणून सांभाळणाऱ्याच्या सुरक्षिततेचा विचारही करावा लागतो.

रॅटबद्दल बोलताना लोक हसतात. ऑक्सफर्डच्या मॅन्युएल बर्डॉय यांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेत जन्मलेले पंचाहत्तर रॅट एका शेतावरच्या मोठ्या कुंपणात सोडले आणि त्यांचा माहितीपट केला. पिंजऱ्याबाहेर कधी न गेलेल्या त्या प्राण्यांनी बिळे खोदली, वाटा पाडल्या, आपापली जागा ठरवली. दोनशेहून अधिक पिढ्यांच्या पिंजऱ्यानेही प्राण्यातला प्राणी संपत नाही, हे त्यातून दिसते. या क्षेत्रातल्या सगळ्या आशेचा पाया मला त्यात दिसतो.

हा विषय आत्ताच का? कारण काळ बदलत आहे. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्या बंद केल्या. २०२२ च्या शेवटी अमेरिकेने औषधांसाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली. मार्च २०२३ मध्ये आपल्याकडेही नियम बदलून पेशींच्या संवर्धनासारख्या पर्यायांना मान्यता मिळाली. घोड्याशिवाय प्रतिसर्पविष तयार करण्याचे प्रयत्नही जगात चालू आहेत. हे सगळे चांगले आहे. पण प्रत्येक बंद होणारा विभाग, प्रत्येक मोडीत निघणारी पागा जिवंत प्राणी मागे ठेवते. येत्या वर्षांत प्रयोगशाळांच्या दारातून बाहेर पडणाऱ्या प्राण्यांची संख्या वाढेल, आणि त्यांना घेणारे हात वाढले नाहीत तर सुधारणेचा पहिला बळी तेच ठरतील.

या पुस्तकात पशुवैद्य, प्राणी सांभाळणारे, मोतद्दार, दत्तक घेतलेली कुटुंबे आणि नैतिक समित्यांत बसलेली माणसे यांचे अनुभव एकत्र आले आहेत. सगळ्यांची मते सारखी नाहीत. काही लेखक प्रयोगांचे समर्थक आहेत, काही कट्टर विरोधक, आणि त्यांना एकमताला आणण्याचा आम्ही प्रयत्न केलेला नाही. ज्यांच्या घरी उद्या असा कुत्रा येणार आहे त्यांना उपयोगी पडेल, ज्या संस्थेला घोडे कुठे पाठवावेत हा प्रश्न पडला आहे तिला विचार करायला लावेल, आणि पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमात कमी मिळणारी माहिती देईल, एवढी आमची अपेक्षा आहे. अयशस्वी ठरलेल्या प्रयत्नांनाही यशस्वी प्रयत्नांइतकीच जागा दिली आहे, कारण या क्षेत्रात चुका लपवल्या तर त्याची किंमत दुसरा प्राणी मोजतो.

शेवटी वाचकांकडे एक मागणे आहे. देशातल्या प्रत्येक नोंदणीकृत प्रयोगशाळेच्या नैतिक समितीत शास्त्रज्ञ नसलेल्या, समाजाची जाण असलेल्या एका माणसाची जागा नियमाने राखलेली असते. पुणे जिल्ह्यात अशा प्रयोगशाळा आहेत, म्हणजे अशा जागाही आहेत. त्यासाठी शास्त्रज्ञ असावे लागत नाही. प्राणी पाळलेला, बैल म्हातारा झाल्यावर त्याला दावणीवरच ठेवणारा शेतकरी, शिक्षक किंवा निवृत्त कर्मचारी तिथे बसू शकतो. तिथे बसून प्रत्येक प्रस्तावापुढे एकच प्रश्न विचारायचा: काम संपल्यावर हा प्राणी कुठे जाणार, आणि त्याचा खर्च या कागदात कुठे लिहिला आहे? जुन्नर-आंबेगावातून अशी माणसे पुढे यावीत.